पोळी-भात कमी केल्यावर तूप वाढवायचं का?

पोळी-भात कमी करायला घेतलेल्या माणसासमोर तीन-चार दिवसांतच एक प्रश्न उभा राहतो. ताटातून दोन पोळ्या आणि वाटीभर भात गेला. ती जागा रिकामी ठेवायची की दुसऱ्या कशानं भरायची? नागपुरात सकाळी अंबाझरीच्या काठानं फिरणाऱ्या मंडळींना विचारलं तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक जण सांगतो, "कार्ब बंद केले न भाऊ, मग तूप, लोणी, पनीर बिनधास्त खा, वजन उतरतेच." दुसरा सांगतो, "वजन उतरवायचं तर भूक सोसा, जागा बिगा भरायची नाही." पहिल्याचं ऐकणारा दीड महिन्यानं वैतागतो, दुसऱ्याचं ऐकणारा दहाव्या दिवशी चिवड्याच्या डब्यापाशी सापडतो.

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. वजन कमी करायचं असेल तर एकूण कॅलरी वाढवायच्या नाहीत. पण रिकामी झालेली जागा पूर्ण रिकामीही ठेवायची नाही. साधारण तिसरा हिस्सा भरायचा, तोही आधी प्रथिनांनी आणि मग उरलं तर तेल-तुपानं. ज्याला वजन कमी करायचंच नाही, त्यानं मात्र सगळी जागा भरायची. हे असं का, ते आता क्रमानं पाहू.

१. कॅलरी येतात कुठून

आपल्या अन्नात ऊर्जा देणारे तीन मुख्य घटक असतात. कर्बोदकं, म्हणजे पोळी, भात, पोहे, साखर, बटाटा यांतला पिठूळ आणि गोड भाग. प्रथिनं, म्हणजे डाळी, दूध, अंडी, मांस यांतला स्नायू बांधणारा भाग. आणि स्निग्ध पदार्थ, म्हणजे तेल, तूप, लोणी, दाण्या-बदामांतलं तेल. पहिल्या दोघांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, स्निग्धाच्या एका ग्रॅममधून ९.

हा ४ आणि ९ चा फरक डोक्यात पक्का बसवायला हवा, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. पंचवीस ग्रॅम कणकेचा एक फुलका सुमारे ८० ते ८५ कॅलरींचा असतो. चहाचे दोन चमचे तूप, म्हणजे साधारण ९ ते १० ग्रॅम, तेवढ्याच कॅलरी देतं. फुलका चावावा लागतो, ताटात दिसतो, पोटात जागा घेतो. दोन चमचे तूप वरणात विरघळून जातं आणि आपण काही जास्त खाल्लं असं मनाला वाटतही नाही.

कमी कर्बोदकांचा आहार म्हणजे नेमका किती कमी? अभ्यासकांमध्ये दिवसाला १३० ग्रॅमपेक्षा कमी कर्बोदकं ही सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. २० ते ५० ग्रॅमपर्यंत खाली गेलं की त्याला कीटो आहार म्हणतात. आपल्याकडे नुसत्या तीन पोळ्या आणि दोन वाट्या भात यांतच १३० ग्रॅमचा टप्पा जवळ येतो, त्यामुळे आपल्यासाठी हा बदल मोठा असतो.

२. डबा आणि कणगी

शरीर ऊर्जा दोन ठिकाणी साठवतं. जुन्या वऱ्हाडी घरातलं धान्य आठवा. रोजच्या स्वयंपाकाला हाताशी एक डबा आणि वर्षभराची बेगमी असलेली मोठी कणगी. शरीरातला डबा म्हणजे ग्लायकोजेन, यकृतात आणि स्नायूंमध्ये साठवलेली साखर. मोठ्या माणसात ती साधारण ४०० ते ५०० ग्रॅम असते, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आसपास. शरीरातली कणगी म्हणजे चरबी. सत्तर किलोच्या, थोड्या स्थूल बाईंच्या अंगावर सहज पंचवीस किलो चरबी असते. हा साठा दोन लाख कॅलरींच्या घरात जातो.

रोज भरपूर पोळी-भात खाल्ला की डबा सतत भरलेला राहतो. शिवाय जेवल्यावर रक्तात साखर वाढली की स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटतं. इन्सुलिनचं एक काम म्हणजे कणगीचं झाकण बंद ठेवणं, बाहेरून माल येतोय तोवर साठ्याला हात लावू न देणं. कर्बोदकं कमी केली की डबा लवकर रिकामा होतो, इन्सुलिनची पातळी उतरते, झाकण सैल होतं आणि शरीर चरबी जाळायला लागतं. इथपर्यंत कार्ब कमी करा म्हणणाऱ्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे.

पुढची पायरी ते विसरतात. शरीर चरबी जाळायला लागलं याचा अर्थ ते कणगीतलीच चरबी जाळतं असा नाही. सकाळच्या पनीर भुर्जीतली, दुपारच्या वरणावरच्या तुपातली, संध्याकाळी तोंडात टाकलेल्या मूठभर काजूतली चरबीही चरबीच. ती समोर आलेली आहे, आधी तीच वापरली जाते. रोजच्या गरजेइतकं बाहेरून येत राहिलं तर झाकण उघडं असूनही कणगीतलं धान्य उपसलं जात नाही. आणि गरजेपेक्षा जास्त आलं तर तूप जाऊन कणगीतच पडतं, त्याला इन्सुलिनची फार मोठी लाट लागत नाही.

३. पहिल्या आठवड्यातला वजनकाटा

मग 'भरपूर तूप खाल्लं तरी माझं वजन उतरलं' असं सांगणारे खोटं बोलतात का? नाही. त्यांनी काट्यावर जे पाहिलं तेच ते सांगतात.

ग्लायकोजेन शरीरात कोरडं साठत नाही. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. डबा रिकामा होऊ लागला की हे पाणी सुटतं. त्यातच इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात, आणि मिठामागून पाणी जातं. म्हणून पहिल्या पाच-सात दिवसांत दीड-दोन किलो वजन उतरणं अगदी साधी गोष्ट आहे. कॅलरी कमी केलेल्या नसल्या तरी ते उतरतं. त्यात चरबी थोडी असते किंवा मुळीच नसते.

तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असलेले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. वीस माणसांना संस्थेतच ठेवून दोन आठवडे कमी कर्बोदकांचा, प्राणिज पदार्थांचा आहार दिला आणि दोन आठवडे कमी चरबीचा, वनस्पतिज आहार. दोन्ही वेळा हवं तेवढं खायची मुभा होती. वजन दोन्हीत उतरलं, कमी कर्बोदकांच्या पंधरवड्यात थोडं जास्तच. पण अंगातली चरबी ठळकपणे घटली ती कमी चरबीच्या पंधरवड्यात. लोकांनी तेव्हा रोज सुमारे ७०० कॅलरी कमी खाल्ल्या होत्या. दोन आठवड्यांच्या काट्यावर विश्वास ठेवला असता तर नेमका उलटा निष्कर्ष निघाला असता.

ज्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात 'वजन अडकलं' असं वाटतं, त्याचं पुष्कळदा काहीच अडकलेलं नसतं. पाणी जाऊन संपलेलं असतं आणि चरबीचा खरा वेग पहिल्यांदाच दिसू लागलेला असतो.

आणखी एक दावा वारंवार ऐकू येतो, की कमी कर्बोदकांवर शरीर जास्त ऊर्जा जाळतं, म्हणून जास्त खाल्लेलं खपून जातं. यावर संशोधकांत खरा मतभेद आहे. हॉल यांच्याच २०१६ च्या अभ्यासात सतरा पुरुषांमध्ये ही वाढ शंभर कॅलरींच्याही खाली होती. हार्वर्डशी संबंधित गटानं २०१८ मध्ये १६४ लोकांवर केलेल्या अभ्यासात ती दोनशेच्या आसपास दिसली. मोठा आकडा खरा धरला तरी तो अडीच फुलक्यांएवढा आहे. जेवणानंतर चार चमचे तूप आणि दहा काजू खाल्ले की तो संपून वर उरतो.

४. एक हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे घालून पाहू. एक काल्पनिक बाई घेऊ. वय ४८, वजन ७० किलो, बँकेत बसून काम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीची गरज १,६६० कॅलरी धरलेली आहे. आपल्या बाईंचं वजन जास्त असल्यानं १,८०० कॅलरींवर त्यांचं वजन स्थिर राहतं असं धरू.

सध्या त्यांच्या आहारात ६० टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. म्हणजे १,०८० कॅलरी, २७० ग्रॅम. प्रथिनं ४५ ग्रॅम, त्यांच्या १८० कॅलरी. उरलेल्या ५४० कॅलरी तेल-तुपातून, ६० ग्रॅम. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय शाकाहारी घरात हे चित्र अगदी ओळखीचं आहे.

बाईंनी कर्बोदकं १२० ग्रॅमवर आणली. त्यांच्या कॅलरी झाल्या ४८०. म्हणजे ताटातून ६०० कॅलरी एकदम गेल्या. इथून तीन वाटा फुटतात.

पहिली वाट, काहीच भरायचं नाही. उरतात १,२०० कॅलरी आणि तीच ४५ ग्रॅम प्रथिनं. वजन झरझर उतरेल, पण त्यात स्नायूही जातील, आणि दोन आठवड्यांत त्या हैराण होतील. सतत कमी खाल्लं की शरीर आणि मन काय करतं, हे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये दाखवून दिलं आहे. छत्तीस निरोगी तरुणांना चोवीस आठवडे साधारण १,६०० कॅलरींच्या आसपास ठेवलं आणि रोज भरपूर चालवलं. नाडी मंदावली, थंडी वाजू लागली, शरीरानं आपला खर्च कमी करून घेतला, आणि ती मुलं दिवसभर खाण्याचाच विचार करू लागली. उपाशी माणसाचा निग्रह सुटतो, ते तो दुबळ्या मनाचा असतो म्हणून नव्हे.

दुसरी वाट, सगळ्या ६०० कॅलरी तूप-पनीर-सुक्यामेव्यानं भरायच्या. एकूण पुन्हा १,८००. पहिल्या आठवड्यात पाण्यानं दीड किलो उतरेल, मग काटा थांबेल. रक्तातली साखर कदाचित सुधारेल, पण कमरेचा घेर तसाच राहील.

तिसरी वाट, ६०० पैकी २०० भरायच्या. एकूण १,४००. प्रथिनं ४५ वरून ६५ ग्रॅम केली, त्यात ८० कॅलरी गेल्या. उरल्या १२०, म्हणजे १३ ग्रॅम स्निग्ध, पावणेतीन चमचे. आणि हे पावणेतीन चमचेही वेगळे ओतायचे नाहीत, कारण वाढवलेल्या पनीर-दाण्यांतूनच ते येतात. रोज ४०० कॅलरींची तूट पडते. एक किलो चरबीमागे साधारण ७,७०० कॅलरी धरतात, त्या हिशेबानं आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास चरबी उतरेल. वजन घटत जाईल तसा शरीराचा खर्चही कमी होतो, म्हणून हा वेग पुढे मंदावेल. हा वेग कुणाला कमी वाटेल. मला तो उत्तम वाटतो, कारण तो टिकतो.

पण थांबा, कर्बोदकं इतकी खाली नेण्याची गरज तरी आहे का? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी इंडियाब अभ्यासात अठरा हजारांवर लोकांच्या आहारावरून २०२२ मध्ये एक अंदाज मांडला गेला. नव्यानं मधुमेह झालेल्यांनी तो माघारी फिरवण्यासाठी कर्बोदकं ऊर्जेच्या ४९ ते ५४ टक्क्यांवर आणावीत, प्रथिनं १९-२० टक्क्यांवर न्यावीत आणि उरलेलं स्निग्धातून घ्यावं, असं त्यातून निघालं. आपल्या बाईंनी हा मार्ग धरला तर १,४०० कॅलरींत कर्बोदकं ७०० कॅलरींची, १७५ ग्रॅम. प्रथिनं तीच ६५ ग्रॅम. स्निग्धाला उरतात ४४० कॅलरी, ४९ ग्रॅम. म्हणजे पूर्वीच्या ६० ग्रॅमपेक्षा कमीच! तूप वाढवायचा प्रश्नच इथे उरत नाही. पहिल्यांदा सुरुवात करणाऱ्या बहुतेकांनी याच पातळीपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. दोन फुलके आणि थोडा भात ताटात राहिला की घरातली पंगत मोडत नाही.

५. न मोजताही कमी खाल्लं जातं ते कसं

कॅलरी मोजल्याशिवाय बारीक झालेली माणसं आपल्या आजूबाजूला आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या तोंडी एका नागपूरकराचं नाव असतं. डॉ. श्रीकांत जिचकार. काटोलचे, एम.बी.बी.एस., एम.डी., १९८० मध्ये ऐन पंचविशीत आमदार झालेले, आणि २ जून २००४ रोजी अपघातात गेलेले. पदव्यांसाठी त्यांची ख्याती मोठी, पण वजन आणि मधुमेहाविषयी त्यांनी मांडलेला विचारही त्यांच्यामागे जिवंत राहिला. प्रत्येक खाण्यासोबत इन्सुलिन सुटतं, तेव्हा दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा जेवा, असा तो विचार. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी त्याचं श्रेय जिचकारांना देत, दोन जेवणं, प्रत्येकी पंचावन्न मिनिटांच्या आत, आणि रोजचं पाऊण तास चालणं अशी मोहीम महाराष्ट्रभर नेली. त्याच सुमारास ऋजुता दिवेकर यांचा थोड्या थोड्या वेळानं थोडं खाण्याचा सल्लाही घरोघरी पोचला होता, आणि जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष पडले होते.

दोन जेवणांच्या या पद्धतीत कॅलरी मोजायला सांगत नाहीत. तरी त्या कमी होतात. कशा? दोन चमचे साखरेचा दुधाचा चहा आणि चार बिस्किटं, साधारण १६० ते १७० कॅलरी. दिवसातून असे तीन प्रसंग बंद झाले की ५०० कॅलरी गेल्या. कचेरीतला आलूबोंडा, संध्याकाळचा चिवडा, वाढदिवसाची संत्रा बर्फी, हे सगळं त्या एका नियमानं दारातच अडतं. इन्सुलिनचा वाटा त्यात असेलही, पण हा साधा हिशेब मला जास्त भक्कम वाटतो.

कमी कर्बोदकांच्या आहारातही नेमकं हेच घडतं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ लोकांचे दोन गट केले, एक कमी चरबीचा, एक कमी कर्बोदकांचा. कॅलरी मोजू नका, भरपूर भाज्या खा, साखर-मैदा टाळा आणि पोट भरेपर्यंत जेवा, असं दोघांनाही सांगितलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभरात पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं होतं, दुसऱ्याचं ६. फरक नगण्य. दोन्ही गट आपण होऊन रोज ५०० ते ६०० कॅलरी कमी खात होते.

प्रथिनं पोट भरल्याची भावना जास्त वेळ टिकवतात. कीटोच्या पातळीला गेलं तर भूकही थोडी मावळते. साखर आणि तेल एकत्र असलेले पदार्थ, जे आपण भूक नसताना खातो, ते बाहेर जातात. म्हणून पहिल्या पंधरा दिवसांत वही-पेन्सिल घेऊन बसायची सक्ती मी कुणावर करणार नाही. प्रथिनं नीट घ्या, भाज्या भरपूर घ्या, भूक भागेपर्यंत जेवा. फक्त वरून ओतायचं तूप आणि मुठीनं खायचा सुकामेवा या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून मोजा, कारण त्यांना भुकेचा लगाम लागत नाही.

६. आपल्या ताटात प्रथिनं कुठून आणायची

मटण-अंडी खाणाऱ्याला हे सोपं आहे. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिनं आणि सत्तर-पंचाहत्तर कॅलरी. पण सावजी रश्शाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. हलबा कोष्टी विणकरांच्या घरांतून आलेलं हे जेवण मला मनापासून प्रिय आहे, आणि त्यात कर्बोदकं फारशी नसतात हेही खरं. पण वर तरंगणाऱ्या तर्रीचा एक मोठा चमचा म्हणजे सव्वाशे कॅलरी. मटणाचे तुकडे खा, रस्सा घ्या, तर्री बाजूला सारा.

शाकाहारी घरात अडचण अशी की आपली प्रथिनं कर्बोदकांच्या संगतीनंच येतात. तीस ग्रॅम तूर डाळीचं वाटीभर घट्ट वरण साडेसहा ग्रॅम प्रथिनं देतं, पण त्यासोबत सोळा-सतरा ग्रॅम कर्बोदकंही. डाळ सोडायची नाही, पण ६५ ग्रॅमचा सगळा भार तिच्यावर टाकून चालत नाही. आपल्या बाईंचा दिवस असा बसवता येतो: शंभर ग्रॅम पनीर, तीस ग्रॅम कोरड्या सोयावड्या, दोन वाट्या वरण किंवा उसळ, दोनशे ग्रॅम दही, तीस ग्रॅम शेंगदाणे, दोन फुलके आणि वांगी, मेथी, दोडकी, कोबी हवी तेवढी. दिवसभराच्या स्वयंपाकाला पाच चमचे तेल. यात प्रथिनं साठ-पासष्ट ग्रॅम, कर्बोदकं १२० ग्रॅमच्या आसपास आणि कॅलरी चौदाशेच्या आत बसतात.

सोयावड्यांना अनेक घरांत नाक मुरडतात, पण तीस ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम प्रथिनं आणि शंभरच कॅलरी देणारा इतका स्वस्त पदार्थ दुसरा नाही. पाटवडी आणि झुणकाही चांगले, कारण बेसनात कणकेच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं असतात. फक्त तेलाचा हात आवरायला हवा. जवसाची चटणी ताटात जरूर असावी, चमचाभर.

७. डोकं दुखलं की लगेच खाऊ नका

सुरुवातीच्या आठवड्यात डोकं जड होतं, उभं राहिलं की भोवळ येते, पायात गोळे येतात. माणूस म्हणतो, "खाणं कमी पडतंय," आणि तुपाचा लाडू उचलतो. पुष्कळदा कमी पडलेलं असतं मीठ आणि पाणी. मघाशी पाहिलं तसं मूत्रपिंडं या काळात जास्त मीठ बाहेर टाकतात. मीठ-जिरं घातलेलं मोठा पेलाभर ताक प्यायल्यावर थोड्या वेळात बरं वाटलं, तर ती भूक नव्हती. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र मीठ स्वतःच्या मनानं वाढवू नये.

नागपुरात याला ऋतूचीही जोड आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, घामावाटे मीठ-पाणी आधीच जात असतं. नवतपात हा आहार सुरू करणं म्हणजे दोन बाजूंनी कोरडं पडणं. मृग लागून हवा निवेपर्यंत थांबायला हरकत नाही. पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही.

८. ज्यांनी खरंच जास्त खायला हवं

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि जगभर गाजलं. शेजारी त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन. उंचीच्या मानानं वजनाचा निर्देशांक, बी.एम.आय., दोघांचाही २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त आणि स्नायू कमी, ही आपल्यातल्या पुष्कळांची ठेवण त्यातून डोळ्यांपुढे आली.

म्हणून मधुमेह आहे पण वजन मुळातच कमी आहे, अशा माणसानं पोळी-भात कमी केला तर गेलेल्या सगळ्या कॅलरी भरून काढायला हव्यात, प्रथिनांनी, दाण्यांनी आणि हो, तेल-तुपानंही. त्याला चरबीपेक्षा स्नायू गमावण्याची भीती मोठी. साठी ओलांडलेल्यांचं तेच. अंगमेहनतीचं काम करणारे आणि लांब पल्ल्याचं धावणारे यांनाही तूट परवडत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी हा प्रयोगच करू नये. मुलांच्या अपस्मारासाठी १९२० च्या दशकापासून वापरला जाणारा कीटो आहार ही वेगळी गोष्ट आहे. तिथे दर ग्रॅमचा हिशेब डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ घालतात.

९. गोळ्या घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांकडे जावं

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असताना पोळी-भात एकदम अर्ध्यावर आणला तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळलेपण ही तिची लक्षणं. तेव्हा लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, आहाराचा नियम तिथे पाळायचा नाही. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्यांवर कर्बोदकं फार कमी केली तर रक्तात आम्ल वाढण्याचा गंभीर प्रकार होऊ शकतो, आणि तोही साखर फार वाढलेली नसताना. रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्राही वजन उतरू लागल्यावर बदलावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी विचारायचं. हे सगळं आहार सुरू करण्यापूर्वी, चक्कर आल्यावर नव्हे.

१०. सहा आठवड्यांनी काय पाहायचं

दोन मापं ठेवा. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट साफ झाल्यावर. कमरेचा घेर दर पंधरा दिवसांनी, शिंप्याच्या फितीनं, बेंबीच्या पातळीवर. पहिल्या आठवड्याची घट हिशेबातून वगळा आणि त्या आठवड्याच्या शेवटाचा आकडा आरंभबिंदू धरा.

सहा आठवड्यांनी घेर आणि वजन दोन्ही जागच्या जागी असतील तर एक आठवडा प्रामाणिकपणे लिहून काढा. पहिली कात्री दाणे, काजू, पनीर तळायचं तेल आणि वरचं तूप यांना लावा. रोजचे चार चमचे कमी केले तरी पावणेदोनशे कॅलरी जातात. प्रथिनांना हात लावू नका. वजन फारच वेगानं उतरत असेल, आठवड्याला किलोच्या वर, केस गळत असतील, जिना चढताना पाय भरून येत असतील, तर उलट करा. रोज आणखी दीडशे-दोनशे कॅलरी वाढवा, त्यात एक अंडं किंवा वाटीभर उसळ असू द्या, आणि फुलका हवासा वाटत असेल तर तोही एक घ्या. मधुमेह असणाऱ्यांनी एचबीए१सी ही चाचणी तीन महिन्यांनी करावी, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्याआधी केली तर जुन्या ताटाचाच हिशेब तिच्यात मिसळलेला असतो.